नियम चौदा

घड्याळ माझ्याकडे असतं.
लोमा सेका नगर परिषदेची मी कारकून.
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
माइकशेजारचे तीन दिवे लावते, विझवते:
हिरवा, म्हणजे बोला.
पिवळा, म्हणजे आवरा.
तांबडा, म्हणजे धन्यवाद.

अकरा वर्षांत या दिव्यांपुढे काय काय ऐकलं.
भुंकणारी कुत्री, बंद पडलेला सिग्नल,
कुणाच्या बदामबागेची धूळ कुणाच्या वाळत घातलेल्या चादरींवर.
एक म्हातारा तर नुसताच रडला,
आणि पिवळा लागताच
रुमालाची घडी घालून आपणहून खाली बसला.
कायदा म्हणतो, लोकांना बोलू द्या.
ऐका, असं कुठे म्हणत नाही.
मी शोधलंय.

सप्टेंबरात युफ्रासिया इलारियो आली,
पाळी संपवून थेट शेडमधून,
भुवयांवर बदामाच्या टरफलांचा भुगा,
हातात जॅमची बरणी, बरणीत नळाचं पाणी.
तिची भाषा मिश्तेक.
मिश्तेकचं स्पॅनिश करायला भाचा नासारियो,
स्पॅनिशचं इंग्रजी करायला काउंटीच्या बाई, ताशी दराच्या.
एकेक वाक्य दोन उंबरठे ओलांडून
धापा टाकत आमच्यापर्यंत यायचं.

ती बराच वेळ बोलली.
नासारियो एका शब्दाशी अडला.
आजारी? नाही, आजारी नव्हे.
त्यानं मावशीला विचारलं, तिनं हातानं काहीतरी दाखवलं,
त्यानं पुन्हा विचारलं.
"या म्हणतात की पाणी..." बाईंनी सुरुवात केली,
आणि तांबडा लागला.
मी लावला.
अध्यक्ष टेशेरा म्हणाले, धन्यवाद मॅडम, पुढचं नाव.

इतिवृत्तात मी टाइप केलं:
एका नागरिकाने पाण्याविषयी मत मांडले.
मत.

त्या रात्री नियमांची चोपडी घरी नेली.
नियम चौदा, एकच ओळ:
प्रत्येक नागरिकास तीन मिनिटे बोलता येईल.
नागरिकास. बोलता.
जेवण निवलं, मी त्या दोन शब्दांवर बोट ठेवून बसले होते.
नासारियो बोलतो तेव्हा ती बोलत नसते.
बाई बोलतात तेव्हा तर ती
नुसती त्यांच्या ओठांकडे बघत असते.

ऑक्टोबरात ती परत आली.
बरणी तीच की दुसरी, कोण जाणे.
ती बोलली, मी घड्याळ चालवलं.
नासारियोनं तोंड उघडलं, मी थांबवलं.
बाई बोलल्या, थांबलेलंच.
वकिलांनी मान वर केली, पानं चाळली,
चष्मा काढून पुसला, पुन्हा चाळली.
टेशेरा माझ्याकडे बघत राहिले.
मी हिरव्या दिव्याकडे.

तर असं होतं:
बहिणीच्या नातीचे ओठ निळे पडले, बाटलीच्या दुधानं.
दवाखान्यात सांगितलं, हे पाणी उकळू नका,
उकळल्यानं विष आटत नाही, दाट होतं.
आम्ही तीन वर्षं उकळत होतो, ती म्हणाली.
तीन वर्षं. स्वच्छ व्हावं म्हणून.

मागच्या रांगेत कुत्र्यांची तक्रार घेऊन आलेले
श्री. टोलेफसन खुर्चीत चुळबुळले.
भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली होती,
माझ्याकडच्या घड्याळात दोन मिनिटं वीस सेकंद.
तिचं बोलून झालं होतं.
मग दोन तोंडांतून एक प्रश्न आला:
उरलेल्याचं काय करायचं?

कुणालाच उत्तर येईना.
तिनं बरणी माइकपाशी ठेवली आणि ती गेली.
टोलेफसन आपल्या कुत्र्यांबद्दल पूर्ण तीन मिनिटं बोलले,
बरणी जराशी बाजूला सारून.

पाणी तसंच आहे.
नोव्हेंबरच्या सभेत विषय सहावा:
नियम चौदामध्ये दुरुस्ती,
दुभाष्याच्या वेळेसह, असे शब्द घालणे.
कार्यक्रमपत्रिका मीच टाइप केली, एकही चूक नाही.
त्या विषयावरही नागरिकांना बोलता येईल.
यादीत सध्या एकच नाव आहे,
माझं.
त्या रात्री घड्याळ कोण धरणार
हे अजून कुणी विचारलेलं नाही.